पाण्यातला कोपरा

"मावशी, त्या बाभळीला बांधून टाका की. एवढा खटाटोप कशाला?"

होडीच्या मधल्या फळीवर विरूपाक्ष दोन्ही हातांनी कड धरून बसला होता. मांडीवर मोजणीच्या यंत्राची काळी पेटी, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, बूट पिशवीत. मोजणी खात्याच्या नोकरीत चार वर्षांत त्याने चिखल तुडवला होता, कुत्री अंगावर घेतली होती, भावाभावांच्या शिव्या खाल्ल्या होत्या. पण मोजणीला होडीतून जायची ही पहिलीच वेळ, आणि त्याला पोहता येत नव्हतं.

नागम्माने वळूनही पाहिलं नाही. "बाभळीला बांधलेली नाव मी एक डाव बघितली, साहेब. पुन्हा न्हाई."

साठी ओलांडलेली बाई. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, लुगड्याचा ओचा कमरेला घट्ट खोवलेला. तिने होडीच्या पुढच्या टोकातून, नाळेतून, लोखंडी नांगर उचलला. विहिरीत पडलेली बादली काढायला गळ असतो तसा चार आकड्यांचा, पण मनगटाएवढ्या जाड दांड्याचा, आणि त्याला तीन हात साखळी. तो तिने फेकला नाही. काठावरून हळूच पाण्यात सोडला, साखळी खुळखुळत गेली, मग दोरी. वारा धरणाच्या भिंतीकडून येत होता आणि होडीला आपसूकच काठाकडे ढकलत होता. नागम्मा हातातून दोरी सोडत राहिली. तीस हात झाली तशी तिने दोरीचा फेरा खुंटीला मारला आणि ताणलेल्या दोरीवर दोन बोटं ठेवून थांबली, वैद्याने नाडी बघावी तशी.

"धरला," ती म्हणाली.

"लंगर म्हटलं की आमच्या नांदेडात गुरुद्वाऱ्यातलं जेवण आठवतं," विरूपाक्ष उगाच हसला.

"आमी नांगर म्हनतो. रानात बी नांगर, पाण्यात बी नांगर." तिने मागे बघितलं. "शिवकन्या, खुणा धर."

होडीच्या मागच्या टोकाला तिची लेक बसली होती. पस्तिशीची, उदगीरला दिलेली. चार वर्षांत ती या होडीत पाऊल टाकायला तयार नव्हती आणि आजही तिचे ओठ पांढरे पडले होते. नेहमी सोबतीला येणारा सटवाजी, या तळ्यावर मासे धरण्यात ज्याचा जन्म गेला तो, डोळ्याच्या ऑपरेशनला नांदेडला गेला होता. म्हणून तिला यावं लागलं होतं.

"काठावरचं ते बाभळीचं खोड, अन् त्याच्या मागं टेकडीवरच्या महादेवाचं शिखर," नागम्मा म्हणाली. "दोन्ही एका रेषेत दिसून राहिलेत का? दिसत असले तर नाव जागची जागी. शिखर खोडाच्या बाहेर सरकलं की समजायचं, नांगर घसरला. पाण्याकडं बघू नको. पाणी समदीकडं सारखंच."

चिंचोळी गावाचं मधलं सगळं रान धरणात गेलं होतं. गाव अलीकडच्या काठाला वर सरकलं आणि नागम्माच्या घरची साडेतीन एकर तेवढी पलीकडच्या काठाला राहिली. रस्त्याने जायचं तर कंधारवरून वळसा, दोन बस, वर कोसभर पायपीट. पाण्यावरून जायचं तर अर्धा तास. तिचा नवरा शंकरप्पा आधी गुऱ्हाळाच्या जुन्या काहिलीत बसून जायचा. मग नांदेडला एका वर्कशॉपातून त्याने ही पत्र्याची होडी करून आणली, तेव्हा गाव हसलं होतं. शिवाचा भक्त आणि दारात मासे धरायची होडी!

शंकरप्पाला होडी हाकता आली, बांधता आली नाही. चार वर्षांमागे भादव्यात त्याने ती काठाजवळच्या बुडत्या बाभळीला आखूड बांधली आणि तो रानाच्या वरच्या टोकाला तण काढायला गेला. वरच्या अंगाला मोठा पाऊस झाला होता. ऊन उतरेपर्यंत पाणी दोन हात चढलं. झाड होतं तिथंच राहिलं, दोरी होती तेवढीच राहिली, आणि होडीची नाळ खाली खेचली जाऊन पाणी आत यायला लागलं. शंकरप्पा विळा घेऊन पाण्यात उतरला. पाणी छातीभरच, पण खाली काळ्या मातीचा गाळ. मांडीपर्यंत पाय आत गेले. त्याने दोरी कापली. होडी सुटली; तो सुटला नाही.

तेरावा झाल्यावर लोकांनी सांगितलं, होडी भंगारात घाल, रान शेजाऱ्याला देऊन टाक आणि लेकीकडे जा. नागम्माने होडी सटवाजीकडे नेली आणि म्हणाली, "मला बांधायला शिकव." सटवाजीने एक अख्खा उन्हाळा तिला शिकवलं. झाडाला नाही, तळाला बांधायची. पाणी आठ हात असलं तर दोरी पन्नास हात हवी. आखूड दोरी नांगराला वर उपटते, लांब दोरी त्याला जमिनीत रुतवते. आणि एवढं करून जो झोपला त्याची नाव गेली.

मोजणीची ही तिसरी तारीख होती. पहिल्या तारखेला तळं उधाणलेलं. दुसऱ्या तारखेला पहाटे येऊन बघते तर होडीची दोरी कुणीतरी सोडलेली, होडी भिंतीच्या कडेला जाऊन पडलेली. दोन्ही वेळा कागदावर 'अर्जदार गैरहजर' असं लागलं. या खेपेला ती आठ दिवस आधी कंधारला जाऊन विरूपाक्षाच्या टेबलासमोर उभी राहिली होती. "तुमी रस्त्यानं जाऊ नका. माझ्या नावेतून चला. मंग मी गैरहजर कशी ऱ्हाईन तेच बगते."

काठाला मुरूम होता. विरूपाक्ष आणि नागम्मा गुडघाभर पाण्यात उतरून वर गेले. शिवकन्येने आईने सांगितल्याप्रमाणे दोरी थोडी ओढून होडी काठापासून लांब घेतली आणि ती खोडाकडे टक लावून बसली.

वर बांधावर व्यंकटराव उभे होते. शेजारचं रान त्यांचं. पांढरं धोतर, खिशाला पेन, पाठीमागे जीप. बरोबर त्यांच्या गावचे पोलीस पाटील साहेबराव, पंच म्हणून आलेले.

"वैनी, नावेतून आलात?" व्यंकटराव मनापासून हादरल्यासारखे म्हणाले. "वारं बगा की जरा. निरोप धाडला असता तर जीप पाठवली असती."

"तुमच्या जीपमधून माझ्या रानात येऊ का, व्यंकटराव?"

साहेबराव मिशीत हसले आणि लगेच खोकले.

मोजणी सुरू झाली. विरूपाक्षाने पेटीतून यंत्र काढलं, उंच काठीला वर छत्रीसारखं टोपण बसवलं आणि हातातल्या पडद्यावर जुना नकाशा उघडला. पाण्यावर मान खाली घालून बसलेला माणूस जमिनीवर आला की वेगळाच झाला. झपाझपा चालायला लागला. पहिला कोपरा जुन्या दगडापाशीच निघाला. दुसरा निघाला तो व्यंकटरावांच्या तुरीत, बांधापासून अकरा पावलं आत. तिसरा तेरा पावलं आत. दर साली व्यंकटरावांचा नांगर तीन-तीन पावलं सरकला होता. चार वर्षांत कुणी आडवं आलं नव्हतं.

साहेबराव तुरीत उभे राहून पावलं मोजत होते. त्यांनी एकदा बांधाकडे बघितलं, एकदा व्यंकटरावांकडे.

"चौथा?" नागम्माने विचारलं.

विरूपाक्ष पडदा बघत बघत काठापर्यंत गेला आणि थांबला. त्याच्या पायापुढे पाणी होतं. तिथून वीसेक हात आत बुडालेल्या बाभळींचे काळे खुंट वर डोकावत होते.

"तिथं येतोय," तो म्हणाला. "लाटांनी काठ कापून नेलाय. धरणाची हद्द त्याच्या पलीकडं. कोपरा तुमचाच, पण पाण्यात गेला."

"मंग तिथं मोजा."

"पाण्यात कसं मोजणार, मावशी? गाळ आहे ना खाली?"

गाळ आहे हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. व्यंकटराव पुढे आले. "साहेब, चौथी खूण न्हाई तर मोजणी अर्धीच की. उन्हाळ्यात पाणी उतरलं की या. पुढली तारीख द्या."

"पुढली न्हाई. आज," नागम्मा म्हणाली. "मी नाव उभी करते त्या जागेवर. साहेब नावेतून काठी लावत्याल."

"मोजणी अशी नावेतून करायची असं नियमात कुठं लिहिलेलं नाही," विरूपाक्ष पुटपुटला.

"करू नका असं लिहिलंय का?"

त्याने विचार केला. "तसंही नाही."

व्यंकटरावांचा आवाज उतरला. "वैनी, शंकरप्पाला ह्याच गाळातून मी काढलाय. ह्या हातांनी. दोर लावून. त्या जागी तुम्ही जायचं अन् मी बांधावर उभं राहून बघायचं, हे मला जमणार न्हाई. रानाचं पुढं बघू. जित्राब न्हाईत तुमी, मानूस हायत."

हे खोटं नव्हतं. त्या दिवशी व्यंकटराव गळ्यापर्यंत पाण्यात उतरले होते, आणि मयत उचलताना शंकरप्पाच्या नावाने मोठ्याने रडले होते. त्यानंतरच्याच पेरणीला त्यांचा नांगर बांध ओलांडून आला, हेही खोटं नव्हतं. नागम्माने दोन्ही गोष्टी चार वर्षं शेजारी शेजारी ठेवल्या होत्या.

"तुमचे उपकार हायत," ती म्हणाली. "मरेस्तवर फेडीन. पर रानानं न्हाई फेडणार."

तेवढ्यात तळ्यावरून हाक आली.

"अव्वा! शिखर हललं!"

वारा एकदम वाढला होता. भिंतीकडून पाण्यावर करड्या सुरकुत्या धावत येत होत्या आणि होडीची नाळ वर-खाली आपटत होती. शिवकन्या उभी राहून दोरी छातीशी ओढत होती. जितकी ती ओढत होती तितकी होडी खुंटांकडे सरकत होती.

"ओढू नको!" नागम्मा काठावर धावली. "सोड! दोरी सोड!"

"सोडली तर खुंटावर जाते की मी!"

"जात न्हाईस. वीस हात सोड, पोरी! फेरा काढ अन् सोड!"

"अव्वा, मला न्हाई जमत! तू ये!"

नागम्माचा एक पाय पाण्यात गेला आणि तिथेच थांबला. पोहून गेली असती तरी पोचेपर्यंत होडी खुंटांवर फाटली असती. पत्र्याला एक बाभळीचा खुंट पुरे. बाप गेला त्या जागेपासून लेक पंचवीस हातांवर, आणि तिला तिथे आपणच बसवलं. व्यंकटराव धोतर खोवून जीपमधला दोर आणायला पळाले होते.

तिने दोन्ही हात तोंडाशी धरले. आवाज मात्र तिने बदलला. ओरडली नाही; लहानपणी जात्यावर बसवून खुंटा कसा धरायचा ते सांगायची त्या आवाजात, फक्त मोठ्याने, एकेक शब्द बोलली.

"शिवकन्या. माझ्याकडं बघ. खाली बस. बसलीस? आता फेरा काढ. हातातून दोरी जाऊ दे, धरू नको, निस्ती जाऊ दे. मी सांगते तवा खुंटीला मार."

शिवकन्या बसली. तिने फेरा काढला. दोरी सळसळत गेली आणि होडी खुंटांच्या दिशेने एकदम मागे आली. विरूपाक्षाने डोळे मिटले. दहा हात. पंधरा. सर्वांत पुढच्या खुंटात आणि होडीत आता एका माणसाएवढं अंतर होतं.

"मार!"

शिवकन्येने फेरा मारला. दोरीने पाण्यातून उसळी घेतली, तिच्यावरून थेंबांची ओळ झडली, होडीने एक जोराचा हिसका खाल्ला आणि ती थांबली. लाटा तिच्या दोन्ही अंगांनी पुढे निघून गेल्या. होडी जागची हलली नाही.

विरूपाक्षाने डोळे उघडले.

"बोटं ठेव दोरीवर," नागम्मा म्हणाली. "थरथरती का?"

"न्हाई," शिवकन्या म्हणाली. आणि मग, स्वतःलाच नवल वाटल्यासारखं, "धरलाय, अव्वा."

व्यंकटराव दोर घेऊन धापा टाकत आले होते. नागम्माने त्यांच्याकडे पाहिलं. "दोर आणला ते बरं केलं. साहेबाच्या कमरेला बांधा, अन् दुसरं टोक तुमच्याच हातात धरा. गाळातून मानूस कसं काढायचं ते तुमाला येतंय."

व्यंकटरावांनी मान हलवायला घेतली. पण दोर आणलाच होता. नाही म्हणावं तर कशाला आणला?

विरूपाक्षाला ही बाई ऐकणार नाही हे कळून चुकलं होतं. आणखी एक गोष्ट त्याला कळली होती, ती म्हणजे आपण मागे सरलो तर कंधारच्या टेबलावर बसून आपल्याला हे तोंड रोज दिसेल. त्याने व्यंकटरावांकडून कमरेला दोर बांधून घेतला आणि काठी उचलली. होडी आता वाऱ्याने काठाच्या बरीच जवळ आली होती. मुरुमावरून कमरेपर्यंत पाण्यात जाऊन तो आणि नागम्मा तिच्यात चढले.

पुढचा अर्धा तास नागम्माने जे केलं ते काठावरून साहेबराव तोंडात सुपारी धरून बघत होते. तिने दुसरा, लहान नांगर बाजूला टाकला, जुन्या फाळाचा. आता दोन दोऱ्यांच्या मधे होडी. पुढची हातभर सोडायची, बाजूची हातभर ओढायची. विरूपाक्ष पडद्यावर बघून सांगायचा, "डावीकडं दोन फूट. आणखी. जास्त झालं, मागं." नागम्मा एक दोरी हाताळायची, शिवकन्या दुसरी. लेक आता सांगायची वाट बघत नव्हती. आईच्या खांद्याची हालचाल बघून दोरी देत-घेत होती. मधेच एक मोठी लाट आली आणि सगळं जुळलेलं मोडलं. पुन्हा पहिल्यापासून.

"हीच," विरूपाक्ष शेवटी म्हणाला. त्याने काठी पाण्यात सोडली. छातीभर पाणी, मग टोक मऊ गाळात गेलं, आणखी गेलं, आणि घट्ट जमिनीला टेकलं. "आता हलू देऊ नका. वीस आकडे मोजेपर्यंत."

दोघी बायकांनी दोऱ्या धरल्या. नागम्माच्या तळव्यात काथ्या रुतला होता. ती कुठे बघत होती ते शिवकन्येने पाहिलं: खोडाकडे नाही, शिखराकडे नाही, काठीच्या कडेने खाली, काळ्या पाण्यात. तिचे ओठ हलत होते. जप असेल, किंवा आणखी काही.

यंत्र टिंग असं वाजलं.

"झालं," विरूपाक्ष म्हणाला, आणि त्याला एकाएकी हसू फुटलं. "मावशी, झालं!"

बांधावर बसून त्याने पंचनामा लिहिला. चारही कोपरे, मिळून आलेली हद्द, अतिक्रमण कुठे किती पावलं. अर्जदार नागम्मा शंकरप्पा, समक्ष हजर. लिहून झाल्यावर त्याने तो मोठ्याने वाचून दाखवला आणि पेन व्यंकटरावांपुढे धरलं.

"मला हे मान्य न्हाई," व्यंकटराव म्हणाले. "मी वर अपील करणार."

"करा," नागम्मा म्हणाली. "तिथं बी येते मी."

व्यंकटरावांनी सही केली नाही. विरूपाक्षाने तसं नोंदवलं. मग पेन साहेबरावांकडे गेलं. साहेबरावांचं घर व्यंकटरावांच्या गल्लीत, उठणंबसणं एका पारावर. त्यांनी सुपारी थुंकली, कागद गुडघ्यावर घेतला.

"साहेबराव, विचार करा," व्यंकटराव म्हणाले.

"विचार काय करायचा, मालक? तुरीत पावलं मीच मोजली की." त्यांनी सावकाश, अक्षर अक्षर काढून सही केली. "परत मात्र जीपमधून येत न्हाई मी. जातो चालत."

विरूपाक्षाने पेटी बंद केली. मोठ्या रस्त्याला कंधारची बस मिळेल म्हणून तोही साहेबरावांबरोबर निघाला. जाताना चार पावलं गेला आणि परत आला. "मावशी, तीन कोपऱ्यांना दगड रोवता येतील. चौथ्याला काही रोवता यायचं नाही. नकाशात राहील तो फक्त."

"ऱ्हाऊ द्या," नागम्मा म्हणाली.

वारा पडला होता. दोघी होडीत बसल्या. शिवकन्येने बाजूचा फाळ चटकन उचलून घेतला, पण मोठा नांगर निघता निघेना. इतका वेळ वाऱ्याने ओढून ओढून तो खोल बसला होता. दोघींनी होडी दोरी धरून त्याच्या डोक्यावर नेली, नाळेत गुडघे टेकले आणि सरळ वर जोर लावला. एकदा, दोनदा. तिसऱ्या वेळेला खालून काहीतरी सुटलं आणि नांगर वर आला.

चारही आकड्यांत काळ्या मातीचे गोळे धरले होते, लोण्यासारखे मऊ, घमेलंभर तरी. शिवकन्या ते पाण्यात खळबळून टाकायला वाकली.

"थांब," नागम्मा म्हणाली.

तिने नांगर मांडीवर घेतला. लुगडं माखलं. एकेका आकड्यातली माती बोटांनी काढून तिने ओंजळीत जमा केली. थोडा वेळ तशीच धरून बसली.

"घरी न्यायची का?" शिवकन्येने हळूच विचारलं.

"घरी कशाला? रानाची हाय. रानातच बरी."

तिने लेकीला खुंटांच्या दिशेने बोट करून दाखवलं. शिवकन्येने वल्हं उचललं आणि होडी सावकाश पुन्हा काठी टेकली होती त्या जागेवर आणली. नागम्माने दोन्ही हात मनगटापर्यंत पाण्यात घातले आणि ओंजळ उघडली. पाणी काळं झालं, मग करडं. ते निवळेपर्यंत शिवकन्येने होडी तिथेच धरून ठेवली.